अठरा बाटल्या काचेच्या, एक प्लॅस्टिकची

प्लॅस्टिकची बाटली रोज दाबून बघायची असते. घरी केलेली बियर काचेच्या बाटल्यांत भरताना एक बाटली मुद्दाम प्लॅस्टिकची भरतात. काचेच्या आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही, प्लॅस्टिकची मात्र अंगठ्याने दाबली की लगेच सांगते. भरण्याआधी आपण मोजून थोडी साखर घातलेली असते. ती साखर यीस्ट हळूहळू खातं, गॅस तयार होतो आणि दहा-बारा दिवसांत मऊ बाटली टणक होते. मग सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवायच्या, की आतलं काम थांबतं. माझी बाटली चौथ्याच दिवशी सकाळी दगडासारखी लागली.

त्याच दिवशी दुपारच्या विमानाने सासूबाई पुण्याला परत निघाल्या होत्या. घरभर बॅगा, वजनकाटा, चिकटपट्टी आणि खजुराची खोकी. मी बाटली जागेवर ठेवून कपाटाचं दार लावून घेतलं. कुणाला सांगायची सोय नव्हती. सासूबाईंच्या लेखी त्या बाटल्यांत पोटाचं औषध होतं.

मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली बाई. पुण्यात एका डेअरीच्या लॅबमध्ये सहा वर्षं दूध तपासलं, मग नवऱ्याच्या नोकरीपायी दुबईला आले आणि जुमेरा लेक टॉवर्समधल्या एकोणिसाव्या मजल्यावर नुसतं दही लावत बसले. बियर करून बघावी हे त्याच रिकामपणातून सुचलं. इथे बियर मिळत नाही असं नाही. रीतसर दुकानातून आणून घरात प्यायला कुणी अडवत नाही. घरी बनवणं मात्र गुन्हा आहे, आणि ते मला पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं. नोकरी नवऱ्याची, व्हिसा नवऱ्याचा, माझा आणि मुलीचा मुक्काम त्याच्या जिवावर. हे सगळं कळत असून मी बेकरीच्या सामानातून माल्ट आणलं, हर्बल चहाच्या दुकानातून हॉप्सची कडू फुलं आणली आणि सिंकखाली दहा लिटर बियर आंबत ठेवली. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय.

बियर आंबत असतानाच सासूबाईंचं येणं ठरलं. येणार होत्या पुढच्या महिन्यात, पण शेजारच्या कुटुंबाची विमानात सोबत मिळाली म्हणून तीन आठवड्यांसाठी आधीच आल्या. नवरा म्हणाला, "ओतून टाक सगळं, खलास. आईला कळलं ना, तर माझी काही खैर नाही." त्याचं खरं होतं. सासूबाईंचा धाकटा भाऊ दारूने गेला. त्याच्या शेवटच्या वर्षातलं आजारपण त्यांनीच काढलं होतं. त्या घरात दारू हा शब्दसुद्धा कुणी मोठ्याने म्हणत नाही. पण उत्तम आंबलेली ती बादली ओतायला माझा हात होईना.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी भांड्यांचा साबण शोधता शोधता ती बादली शोधून काढली. "हे काय गं आंबत ठेवलंयस?"

"औषध आहे, आई. बार्लीचं. पोटाला चांगलं असतं."

हे इतकं सहज तोंडून गेलं की माझं मलाच नवल वाटलं. त्यांनी एक शंका काढली नाही. उलट फोनवर बहिणीला कौतुकाने सांगितलं की सुनेचं शिक्षण जंतूंचंच आहे, ती घरी औषधं करते. मी शेजारी भाजी निवडत बसले होते. मान वर केली नाही.

बाटल्या भरायच्या दिवशी त्या मदतीला बसल्या. चापाच्या झाकणाच्या अठरा बाटल्या त्यांनी गरम पाण्याने धुतल्या, उपड्या घालून निथळल्या, स्वच्छ पंच्याने पुसल्या. माझी साखर मोजून, उकळून, बादलीत घालून झाली होती. तेवढ्यात मुलीच्या स्कूलबसची वेळ झाली म्हणून मी खाली गेले. बस उशिरा आली. वर आले तर सासूबाई डाव धुऊन ठेवत होत्या. मग आम्ही दोघींनी मिळून बाटल्या भरल्या. मी नळी धरायची, त्यांनी चाप लावायचा. खोटं बोलून काम करून घेतानाही मला मजा येत होती, हे कबूल करते.

बाटल्या ठेवल्या मुलीच्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात. सासूबाई त्याच खोलीत झोपत. त्यांना थंडी वाजते म्हणून तिथला एसी कायम चोवीसवर असे, आणि बाटल्यांना तेवढीच ऊब हवी होती. आपण कसं सगळं जुळवून आणलं म्हणून मी स्वतःवर खूश होते. सासूबाईंची उशी त्या कपाटापासून चार हातांवर होती, हे तेव्हा मनात आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती दगड झालेली बाटली हातात धरल्यावर आलं.

विमानतळावर जाताना मी गाडीत आकडेमोड करत होते. साखर मोजताना चूक झाली का? माल्टमधली साखर उरली होती का? की कपाटात ऊब जास्त झाली? काहीच जुळेना. नवरा पुढून सारखा "यल्ला आई, चल, पासपोर्ट हातात ठेव" करत होता. निघताना सासूबाईंनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. म्हणाल्या, "किती केलंस गं माझं." त्या आत गेल्या आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आता घरी जायचं, बाटल्या थेट फ्रिजमध्ये टाकायच्या, कुणाला काही कळायच्या आत.

नवरा आम्हाला घरी सोडून ऑफिसला गेला. मी चपला काढत होते तेवढ्यात आतून आवाज आला. ठप्प, आणि मागोमाग काच सांडल्याचा. मुलगी नुकतीच खोलीच्या दाराशी पोचली होती. ती तिथेच थांबली.

"ममा, समथिंग जस्ट ब्लास्टेड इन माय कबर्ड."

मी तिला खसकन मागे ओढलं, इतक्या जोरात की तिच्या दंडावर माझी बोटं उमटली. कपाटाच्या दाराखालून फेस येत होता. घरभर आंबूस, कडसर, बेकरीसारखा वास पसरला. आता उरलेल्या बाटल्यांपैकी कुठलीही कधीही फुटेल, हे कळायला मायक्रोबायॉलॉजी लागत नाही. मुलीला हॉलच्या पार टोकाला बसवलं आणि कानाला हेडफोन लावायला सांगितलं.

नवरा सुट्टीच्या दिवशी मराठी मंडळींबरोबर क्रिकेट खेळतो. त्याचं हेल्मेट घातलं, हातांत ओव्हनचे मोजे चढवले, अंगावर जाड रजई घेतली. कपाट उघडलं. एक बाटली गेली होती, तिच्या काचा लाकडात रुतल्या होत्या. लाकडात! त्याच उंचीला चार हातांवर उशी होती.

मग एकेक बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून सिंकपर्यंत न्यायची, टॉवेलाखाली चाप सैल करायचा, असं सुरू केलं. प्रत्येक बाटली सुस्कारा सोडायची आणि फेस छतापर्यंत उडायचा. भिंत, ओटा, मी, सगळं चिंब. सहावी बाटली हातात होती तेव्हा दारावरची बेल वाजली.

मला वाटलं, संपलं. वास खाली गेला, आवाज ऐकू आला, कुणीतरी फोन केला. मुलीला शाळेतून काढावं लागेल, इथवर मी त्या दोन क्षणांत पोचले. बाटली सिंकमध्ये ठेवली, दार बोटभर उघडलं. बाहेर बिल्डिंगचा वॉचमन कागद घेऊन उभा.

"भाभीजी, टंकी की सफ़ाई का नोटिस है, साइन कर दीजिए." मग त्याचं लक्ष हेल्मेटकडे गेलं. "सब ठीक है ना?"

"बेटी को क्रिकेट सिखा रही हूँ."

"अच्छा अच्छा." त्याने हवा हुंगली. "ब्रेड बन रहा है क्या? पूरे फ़्लोर पे ख़ुशबू आ रही है."

"हाँ," मी म्हटलं, "ब्रेड." सही कुठे केली ते मला दिसलंसुद्धा नाही. दार लावलं आणि तोंडावर मोजा दाबून रडले. रडताना ओठावर आलेला फेस चाखला गेला. चव चांगली होती, हे लिहायला आजही लाज वाटते.

शेवटची बाटली रिकामी झाली तेव्हा काचेच्या मोजल्या. पंधरा. फुटलेली एक, सोळा. पुन्हा मोजल्या. कपाटाच्या कोपऱ्यात, पलंगाखाली, बाथरूममध्ये बघितलं. दोन बाटल्या नव्हत्याच.

मुलीने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "आजी टुक टू, ममा. शी रॅप्ड देम इन हर शॉल. फॉर मावशीआजी."

मी फोन लावला तेव्हा सासूबाई गेटपाशी बसल्या होत्या. आवाज अगदी खुशीत. "हो गं, दोन घेतल्या. तुला सांगणारच होते, गडबडीत राहिलं. माझ्या बहिणीचं पोट साफ होत नाही ना, एक तिला, एक मला."

"कुठल्या बॅगेत ठेवल्यात, आई?"

"मोठ्या. ती गेली की पट्ट्यावरून आत. आणि हे बघ, रागावू नकोस हं. भरायच्या दिवशी तू खाली गेलीस, तेव्हा मी वाटीत घेऊन चाखलं जरासं. कडूजहर! एवढं कडू कोण पिणार? म्हणून डावभर साखर घातली आणि छान ढवळलं. बघ, आता लागेल बरं."

आमच्या सासूबाई आमटीत साखर घालतात, भाजीत घालतात, कोशिंबिरीत घालतात. औषधात घातली यात नवल काय? माझ्या आकडेमोडीत सगळं होतं, फक्त त्यांचा हात नव्हता. आणि त्यांनी वाटीत घेऊन चाखलंही होतं. भावाच्या पायी आयुष्यभर ज्या वासाला त्या घाबरल्या, ती वस्तू मी त्यांच्या जिभेवर ठेवली होती. भावाची ती उग्र दारू त्यांच्या ओळखीची असेल. हे बिनफेसाचं कडू पाणी त्यांना सुनेचं औषध वाटलं.

आता सांगायला हवं होतं. विमानात बसायला अजून वीस मिनिटं होती. मी तोंड उघडलं आणि मला पुढचं सगळं दिसलं. कुणाची छत्री चुकून घरी आली तर भर उन्हात परत करायला जाणारी ती बाई. बियर हा शब्द ऐकला की त्या उठणार, काउंटरवरच्या माणसाला आपण होऊन सांगणार की माझ्या बॅगेत दारू आहे, मला माहीत नव्हतं, माझ्या सुनेने घरी बनवली, तिचा पत्ता हा. नाही सांगितलं तर स्कॅनरखाली लेबल नसलेल्या दोन बाटल्या दिसणार. त्यांना बाजूच्या खोलीत बसवणार, इंग्रजीत विचारणार आणि सत्तर वर्षांच्या सासूबाई अभिमानाने सांगणार, मेडिसिन, माय डॉटर-इन-लॉ. किंवा काहीच होणार नाही आणि बॅग आदळताना बाटली फुटणार. किंवा पुण्याला पोचून त्या ती हौसेने उघडणार, तोंड जवळ नेऊन.

"काय गं, गप्प का?" त्या म्हणाल्या.

"काही नाही. नीट जा, आई. फोन चालू ठेवा."

एवढंच बोलले. भीती त्यांच्यासाठी वाटत होती की माझ्यासाठी, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस, नको सांगूस. ती तिथेच कुणाला तरी सांगत बसेल." संध्याकाळी तो घरी आला आणि आम्ही दोघं फोन मध्ये ठेवून बसलो. अनोळखी नंबरवरून एक फोन आला. दोघांनीही उचलला नाही. तो वाजून वाजून थांबला. मुलगी विचारत होती की जेवायला काय आहे, आणि मला ते तिने तिसऱ्यांदा विचारल्यावर ऐकू आलं. अखेर सासूबाईंच्या भाच्याचा मेसेज आला, मावशीला घेऊन घरी पोचलो. नवऱ्याने दोन्ही हात जोडले. मी सिंक पुन्हा एकदा घासला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला सासूबाईंचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"माझ्यामुळे नुकसान झालं गं तुझं. एक बाटली बॅगेतच फुटली. शाल गेली, नायट्या भिजल्या. शाल उलगडताना बोटाला जरा काच लागली, पण विशेष नाही. आणि तो आमचा भाचा, एवढा चाळिशीचा घोडा, विमानतळावर बॅग उचलल्यावर म्हणतो कसा, मावशी, बॅगेला बियरचा वास येतोय. चार लोकांत! मी त्याला तिथेच झापलं. म्हटलं, माझ्या सुनेने केलेलं औषध आहे ते, आणि माझी सून माझ्याशी खोटं बोलत नाही."

नवऱ्याने कप खाली ठेवला. फोन स्पीकरवर होता.

"पण दुसरी धड आहे हं," त्या पुढे म्हणाल्या. "गॅसच्या शेजारच्या फळीवर ठेवलीय. आत्ताच उघडून बघत होते, तो चाप काही निघत नाही. थांब, तोंडाशी घट्ट धरून..."

"आई, हात लावू नका!" मी किंचाळले. "ठेवा. ती ठेवा आणि स्वयंपाकघरातून बाहेर या. आधी बाहेर या."

"अगं, पण का?"

मला अजूनही काहीतरी दुसरं सांगता आलं असतं. औषध बिघडलं म्हणता आलं असतं. पण त्यांनी माझ्यावरचा विश्वास चार लोकांत ठणकावून सांगितला होता, आणि या क्षणी त्यांचे डोळे त्या काचेपासून वीतभर अंतरावर होते. त्यांना खरोखर घाबरवेल असा शब्द माझ्याकडे एकच होता.

"कारण ती बियर आहे, आई. ते औषध नाही. मी खोटं बोलले. साखर जास्त झाली म्हणून बाटल्या फुटतायत. इथेही एक फुटली."

पलीकडे बाटली फळीवर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं. दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता त्या भावाचं नाव काढतील, रडतील, मला बोलतील. मी त्या सगळ्याची तयारी करून बसले होते.

त्यांनी एवढंच विचारलं, "बाटल्या फुटतायत, हे तुला कधी कळलं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो कपात बघत होता.

"तुम्ही गेटवर बसला होतात तेव्हा," मी म्हटलं. "मी फोन केला, त्याच्या आधी."

"बरं," त्या म्हणाल्या. "मी भाच्याला बोलावते." आणि फोन ठेवला.

भाच्याने ती बाटली गोधडीत गुंडाळून नेली आणि मोकळ्या मैदानात लांबून दगड मारून फोडली. त्या विषयावर सासूबाई पुढे कधी बोलल्या नाहीत, माझ्याशीही नाही आणि नवऱ्याशीही नाही. सणावाराला फोन येत राहिले, नेहमीसारखेच.

यंदाच्या थंडीत त्या पुन्हा आल्या. पहिल्या सकाळी मी चहाचा कप त्यांच्या पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, पण ओठाला लावला नाही.

"यात काय काय घातलंयस?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

मी समोर बसले आणि एकेक करून सांगितलं. पाणी, दूध, चहा, आलं, दीड चमचा साखर. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी चहाचा घोट घेतला.